घरच्या मडक्याचा परवाना

अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी. एक घोडा विकायला घेऊन तो १४७० च्या आसपास चौल बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्यातले दोन महिने त्याने इथे काढले. बहामनी अमलातले हे गाव त्याला खडकावर वसलेले, एका वेळी एकच माणूस चढू शकेल असे दिसले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि नेमक्या याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात, याची त्याने मुद्दाम नोंद केली. त्याच ओघात इथल्या पेयांबद्दल तो एक वाक्य टाकून जातो: दारू नारळाची करतात आणि ब्रागा ‘तातना’ची. तातना म्हणजे बहुधा ताडी. ब्रागा हा शब्द मात्र त्याने आपल्या घरून आणलेला आहे. रशियन खेड्यांत सणावाराला घरोघर धान्य आंबवून जे गढूळ, सौम्य पेय होई ते ब्रागा. बिअरची गावाकडची बहीण म्हणावी असे. परमुलखात ओळखीची वस्तू भेटली की माणूस तिला ओळखीच्या नावाने हाक मारतो. निकितिनने दारूला एक शब्द वापरला आणि या पेयाला दुसरा, तेव्हा त्याला इथे गाळलेल्या दारूखेरीज साधे आंबवलेले पेयही दिसले होते, एवढे त्या वाक्यातून निघते. एका परदेशी शब्दावर याहून जास्त ओझे टाकू नये. पण पुढच्या साडेपाचशे वर्षांचा हिशेब मांडायला ही खूण पुरेशी आहे.

आज पुण्यातल्या एखाद्या हौशी माणसाने माल्ट, हॉप्स आणि यीस्ट मागवून स्वयंपाकघरात वीस लिटर बिअरचा पहिला घाणा लावला, आणि त्याच दिवशी आंबेगावच्या पश्चिम टोकाला एखाद्या ठाकर घरात मडक्यात काही भिजत पडले, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या नजरेत दोघेही विनापरवाना मद्य बनवणारेच. व्यवहारात पंचनामा कोणाचा होईल हे सांगायला नको. लोक पिऊन बिघडत होते, म्हणून समाजाने आणि सरकारने मिळून घरची दारू बंद केली, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जुन्नर-आंबेगावचा इतिहास क्रमाने पाहिला तर ही समजूत टिकत नाही, असे मला वाटते. आंबवणे हे या भागात घरचे काम होते. ते घरातून काढून घेतले गेले ते महसुलासाठी. नीतीचे कारण त्याला मागाहून चिकटले. आणि एकदा काढून घेतल्यावर ते परत दिले गेले तेव्हा घराला दिले गेले नाही, कारखान्याला दिले गेले.

आधी कसबाचे पाहू. बिअर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विलायती वस्तू येते, पण तिचे निम्मे काम मराठी स्वयंपाकघरात रोज चालते. धान्याला मोड आणले की त्यातली विकरे जागी होतात आणि पिष्टाची साखर करू लागतात. जव असे भिजवून, मोड आणून वाळवले की त्याला माल्ट म्हणायचे. भीमाशंकरच्या उतारावरची नाचणी रात्रभर भिजत घातली, फडक्यात घट्ट बांधून टांगली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फडक्याच्या विणीतून पांढरे कोंब डोकावू लागले की सावलीत पसरून वाळवली, किंचित भाजून दळली, की त्याला आपण सत्त्व म्हणतो आणि तान्ह्या मुलाला पाजतो. क्रिया तीच आहे. पुढे बिअरवाला हे माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतो, गोड पाणी गाळून घेतो, हॉप्स घालून उकळतो, निववून यीस्ट सोडतो आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहतो. आपल्याकडे नाचणीचे पीठ ताकात वा पाण्यात रात्रभर आंबट होऊ देतात, शिजवतात, आणि उन्हाळ्यात आंबील म्हणून पितात. आंबिलीत काम करणारे जंतू मुख्यतः दह्याचे भाऊबंद, मद्यार्क नावाला. म्हणजे आंबील ही बिअर नव्हे, आणि इथे कोणी नाचणीची बिअर गाळत होते असा माझा दावाही नाही. दावा इतकाच की मोड आणणे, वेळेवर वाळवणे, उष्मा हाताने जोखणे, आंबल्याचा वास ओळखणे ही सगळी विद्या घरात होती आणि ती बहुतांशी बायकांच्या हातात होती. ज्या प्रदेशात एवढे सगळे आहे तिथे घरचे सौम्य मद्य नसावे याला काही तरी कारण लागते, आणि ते कारण कसबाच्या अभावात सापडत नाही.

आंबवणाची कीर्ती जुनी आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा जो लेख आहे त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-घोडे-हत्ती-कार्षापणांची लांबलचक यादी आहे. राजसूयाच्या अखेरीस सौत्रामणी नावाचा विधी करावा असे यज्ञग्रंथ सांगतात, आणि सौत्रामणीत सुरेची आहुती असते. ती सुरा कशी करायची हेही त्या ग्रंथांनी सांगून ठेवले आहे: मोड आणलेले धान्य, लाह्या, आणि नग्नहू नावाचे विरजण. मोड आणलेले धान्य म्हणजे माल्ट. ही बिअरच झाली. त्याच सुमारास ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीची दारू पहिल्या पसंतीची, मग लाओडिकेयाची आणि अरबस्तानची, अशी नोंद आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट, चंद या यवनांची दाने कोरलेली आहेत. कोणी पाण्याच्या पोढी खोदवल्या, कोणी भोजनमंडप दिला. त्याच डोंगरांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली आहे. धान्याची श्रेणी, परदेशी व्यापारी, घाटवाट आणि जकात: मद्य बनावे आणि त्यावर कर बसावा याला लागणारे सगळे साहित्य या एका खोऱ्यात हजर होते.

कर कसा बसावा याचा विचार करणारा ग्रंथही त्याच युगातला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मेदक नावाच्या तांदळाच्या मद्याचे प्रमाण दिले आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे उडीद आणि तांदूळ यांचे आंबवण; इडलीच्या पिठाशी त्याचे नाते उघड आहे. हा अध्याय काही सैल मनाने लिहिलेला नाही. गुत्ते कुठे असावेत, कोणाला किती द्यावी, गिऱ्हाइकांवर नजर कशी ठेवावी, चोरीचा पैसा तिथे खर्च होतो का हे हेरांकरवी कसे काढावे, सगळे आहे. आणि एवढ्या कडक अध्यायाच्या शेवटाकडे एक सवलत येते. कुटुंबवत्सल लोकांना घरच्या कार्याला श्वेतसुरा आणि औषधापुरते अरिष्ट करायची मुभा असावी. उत्सव, मेळे आणि यात्रा असतील तेव्हा चार दिवस दारू करू द्यावी. ज्यांनी परवानगी घेतली नसेल त्यांच्याकडून तेवढ्या दिवसांचा रोजचा दंड घ्यावा. अर्थशास्त्राचा कर्ता दयाळू म्हणून प्रसिद्ध नाही. त्याने घरचे मडके सोडून दिले कारण त्यातून खजिन्याचे फारसे काही जात नव्हते आणि ते पकडायला जाण्याचा खर्च मात्र होता. माझ्या मुद्द्याला यात आधार आहे तो असा: मद्यावरचे राज्याचे नियंत्रण पहिल्यापासून हिशेबाचे होते, आणि त्या हिशेबात घरगुती घाणा शतकानुशतके क्षुल्लक मानला गेला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पेशवाईत तर मद्यावर बंदी होती, तिथे महसूल कुठे होता? न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर १९०० साली जो निबंध लिहिला त्यात या धोरणाची चर्चा आहे. राज्याचा कल बंदीकडे होता, अबकारीचे उत्पन्न नगण्य होते, आणि ब्राह्मण, प्रभू व सरकारी अंमलदार यांना मद्य निषिद्ध होते. मात्र उत्तर कोकणातल्या कोळी-भंडाऱ्यांसारख्या, पिण्याची वहिवाट असलेल्या समाजांना ते मोकळे ठेवले होते. म्हणजे पेशव्यांची बंदी पिणाऱ्याची जात विचारत होती. ती नैतिक होती हे मान्य, पण ती जातीची नीती होती, आणि म्हणूनच डोंगरातल्या मडक्याशी तिला कर्तव्य नव्हते. महादेव कोळ्याच्या घरात काय आंबते आहे याची चौकशी शनिवारवाड्याने करावी, हा विचारच त्या व्यवस्थेत बसत नव्हता. नीतीने हात आखडता घेतला होता तोवर घरचे आंबवण सुरक्षित होते, असा काहीसा उलटा निष्कर्ष यातून निघतो.

ते असुरक्षित झाले १८७८ साली. त्या एका वर्षात दोन कायदे आले. एक हिंदुस्थानचा वनकायदा, दुसरा मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. पहिल्याने रानातले लाकूड, फूल, फळ सरकारी केले. दुसऱ्याने त्यापासून होणारे मद्य. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ पट्ट्याला हे दोन्ही घाव पाठोपाठ बसले, आणि तेही कोणत्या दिवसांत? आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले सावकारांची नाके कापत डोंगरात फिरत होता तो काळ नुकता सरला होता. १८७६ साली तो पकडला गेला. १८७५ मध्ये याच जिल्ह्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या होत्या. अशा वेळी चार्ल्स प्रिचर्ड यांच्या देखरेखीखाली इलाख्यात जी अबकारी पद्धत बसवली गेली तिचे सूत्र साधे होते: ठिकठिकाणच्या छोट्या भट्ट्या बंद करायच्या, गाळण्याचे काम थोड्या मोठ्या भट्ट्यांत एकवटायचे, विक्रीचा मक्ता द्यायचा, आणि प्रत्येक गॅलनवर शुल्क घ्यायचे. या रचनेत दारू कमी व्हावी अशी कुठेच सक्ती नव्हती. ती मोजता यावी, एवढीच सक्ती होती. घरची चूल मोजता येत नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली. याच राज्यकर्त्यांनी दोनच वर्षांनी आपल्या मायदेशी काय केले ते ताडून पाहण्यासारखे आहे. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने इंग्लंडात माल्टवरचा कर काढून बिअरवर लावला, तेव्हा घरी बिअर करणाऱ्या कुटुंबांसाठी परवान्याची सोय ठेवली. १९६३ मध्ये त्या परवान्याचीही गरज उरली नाही. इंग्रज शेतमजुराच्या स्वयंपाकघराला परवाना मिळत होता. सह्याद्रीतल्या चुलीसाठी तसा विचार झाला नाही, कारण इथे मक्तेदार होता आणि त्याला गिऱ्हाईक हवे होते.

मोहाचे फूल हे या सगळ्याचे केंद्र. मोह घाटाखाली मुरबाड-कर्जतच्या बाजूला अधिक, घाटावर जुन्नर-आंबेगावात हिरड्याचे राज्य. पण घाटवाटा दोन्हीकडून चालत्या असल्याने फूल कुठे अडणारे नव्हते. ते फाल्गुन-चैत्रात पहाटे गळते. रसाळ, फिकट पिवळसर, बोटांना चिकटणारे. उन्हात पडले की दोन-चार दिवसांत बेदाण्यासारखे तपकिरी होते. त्यात साखर तयारच असते. मोड आणणे नको, माल्ट नको, पाण्यात टाकले की आंबते. ते भाकरीबरोबर खातात, गुरांना घालतात, टंचाईत त्यावर दिवस काढतात. सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी या फुलाचा स्वतंत्र कायदा केला आणि ते बाळगण्या-साठवण्यावरच बंधने आणली. दारू पकडणे अवघड जाते म्हणून अन्नच पकडायचे, असा हा न्याय होता. नीतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या कायद्याचे समर्थन कसे करावे हे मला सुचत नाही.

आता यावर कोणी म्हणेल, मोहाची गाळलेली दारू आणि बिअर यांची तुलनाच चुकीची. एक जाळ लावून काढलेला अर्क, दुसरी सौम्य आंबवण. बरोबर आहे, पण मग आंबवण गेली कुठे आणि अर्कच का उरला, हे विचारायला हवे. सौम्य पेयाचे शंभर लिटर लपवता येत नाहीत. त्याला दोन-चार दिवसांपलीकडे आयुष्य नसते, वास दूरवर जातो आणि डोक्यावरून नेण्यात अर्थ नसतो. तेच गाळून दहा लिटर केले की ट्यूबमध्ये भरून खांद्यावर टाकता येते. हातभट्टीची दारू गाडीच्या रबरी ट्यूबमधून रात्रीची उतरते, हे दृश्य मराठी माणसाला कथा-सिनेमांतून ओळखीचे आहे. त्या ट्यूबमध्ये बिअर भरून कोणाचे पोट भरणार? मोजणाऱ्या सरकारने गॅलनवर कर लावला आणि पकडणाऱ्या सरकारने घागरीवर छापा घातला. दोन्हींचा परिणाम एकच, पेय कडक होत गेले. भाषेतही ही कडक होत जाण्याची खूण आहे. ‘बेवडा’ हा आज माणसाला लागणारा शब्द मुळात दोनदा गाळलेल्या दारूचे नाव. ‘पहिल्या धारेची’ म्हणजे भट्टीच्या नळीतून आधी पडणारी, सगळ्यांत जळजळीत. ‘नवटाक’ हे माप. सौम्य, घरच्या, जेवणाबरोबरच्या पेयाला असा एकही रुळलेला शब्द प्रमाण मराठीत उरलेला नाही. खालच्या भांड्यात आंबलेला सडवा, वर ओल्या मातीने सांधे लिंपलेले दुसरे भांडे, त्यातून निघालेली बांबूची नळी, तिच्या तोंडाशी थंड पाण्यात बसवलेली घागर आणि नळीवर सारखे पाणी ओतत बसलेले माणूस, ही भट्टी ओढ्याच्या काठी झाडीत लागते. घरात लागत नाही. कायद्याने आंबवणाला आधी घरातून रानात घालवले आणि मग रानातली म्हणून बदनाम केले.

स्वातंत्र्यानंतरचा कायदा नीतीच्या नावाने आला हे कबूल करायलाच हवे. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, १९४९ मध्ये सबंध राज्याचा कायदा झाला, १९५० पासून राज्यभर दारूबंदी अमलात आली. त्यामागे गांधीविचार होता आणि महसूल बुडवण्याची तयारी होती. माझ्या मांडणीला सगळ्यात जड जाणारा काळ हाच. पण ती तयारी किती टिकली? १९६० च्या दशकात परवाने सैल झाले, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सहकारी साखर कारखान्यांच्या मळीला गिऱ्हाईक मिळाले. उसाच्या मळीपासून मद्यार्क, मद्यार्कापासून देशी, देशीच्या बाटलीवर शुल्क. पिणे परत आले, दुकान परत आले, महसूल परत आला. परत आली नाही ती घरी करण्याची मुभा. १९४९ च्या कायद्याने बंद केलेल्या गोष्टींत सरकारला ज्यातून काही मिळत नाही तेवढीच गोष्ट बंद राहिली, हा योगायोग मला पटत नाही. पिणाऱ्यासाठी एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे परवाने निघाले. करणाऱ्यासाठी १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा निघाला, ज्याच्या मराठी नावातच झोपडपट्टी दादांच्या शेजारी हातभट्टीवाले बसवलेले आहेत.

आणि मग नारायणगाव. जुन्नर तालुक्यातल्या याच गावी १९८० च्या दशकात शॅम्पेन इंडेज उभी राहिली आणि फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने केलेली ‘ओमर खय्याम’ नावाची फसफसती वाइन परदेशी जाऊ लागली. कुकडीच्या पाण्यावर फुललेल्या द्राक्षबागांच्या या गावाला त्याचा सार्थ अभिमान वाटला. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला शुल्कात भरघोस सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतमालाची प्रक्रिया आहे, असे जबाबदार मंडळींनी सांगितले. अण्णा हजाऱ्यांनी विरोध केला आणि निर्णय बारगळला. शेतमालाची प्रक्रिया हे वर्णन मला मान्य आहे. फक्त ते नारायणगावला लागू होते आणि त्याच तालुक्याच्या पश्चिमेला तीस-चाळीस किलोमीटरवर लागू होत नाही, हे कसे, याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. द्राक्ष आणि मोह, दोन्हींत साखर असते आणि दोन्हींतली साखर एकच जंतू खातो. वाइनमध्ये मद्यार्क बारा-तेरा टक्के, मोहाच्या नुसत्या आंबवणात त्याहून कमीच. फरक आहे तो भांडवलात, बाटलीत आणि लेबलात.

दुसरा मोठा आक्षेप सुधारकांचा. दारूविरोध हा काही सरकारने लादलेला विचार नाही. तो इथल्या मातीतला आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली. जुन्नर तालुका हा तर सत्यशोधकांचा बालेकिल्ला. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताविना लग्न लावले आणि तो वाद थेट हायकोर्टात गेला. या परंपरेला पैशाचा मोह होता असे कोण म्हणेल? कोणीच नाही. पण फुल्यांची तक्रार कशाविरुद्ध होती हे पाहिले पाहिजे: सरकारी परवान्याने, सरकारी उत्पन्नासाठी, वस्तीत उघडलेल्या दुकानाविरुद्ध. अलीकडची उभी बाटली-आडवी बाटलीची मतदाने घ्या. बायका मतपत्रिकेवर आडवी बाटली निवडतात ती गावातले परवानाधारक दुकान उठवण्यासाठी. रोजंदारीचे पैसे संध्याकाळी जिथे जातात त्या काउंटरवर त्यांचा राग आहे. तोच राग हातभट्टीवरही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कितीतरी गावांत बायकांनीच भट्ट्या फोडल्या आहेत. मात्र ज्या भट्ट्या त्या फोडतात त्या विकण्यासाठी लावलेल्या असतात. घरचे पेय घरातच, सणापुरते, बाईच्याच हातचे होते तेव्हा किती करायचे आणि कोणाला किती द्यायचे हे तिच्या हातात होते. ते तिच्या हातून गेले आणि धंदा झाला, आणि मग तिला लाठी घेऊन त्याच्या मागे जावे लागले. या साखळीतला पहिला दुवा सुधारकांनी जोडलेला नाही.

तिसरा आक्षेप विषाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००४ मध्ये विक्रोळीला, २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत शंभराच्या वर. पण ही माणसे कोणाच्या घरच्या आंबवणाने मेलेली नाहीत. त्यांना मारले मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यांसाठी बनणाऱ्या आणि तिथून चोरवाटेने निघालेल्या रसायनाने, जे दारू म्हणून विकले गेले. धान्य किंवा फुले आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होते. गाळताना निष्काळजीपणा झाला, गंजका पत्रा वापरला, भराभर आंबावे म्हणून नवसागर ओतला, तर धोका वाढतो, आणि हे तिन्ही प्रकार घाईत, लपून, विक्रीसाठी काम करणाऱ्याचे आहेत. स्वतःच्या पोरांच्या लग्नात वाढायच्या मडक्यात कोणी नवसागर टाकत नाही.

इतरत्र घरच्या मद्याचा वेगळा विचार झाला आहे. १९७० च्या दशकातच आदिवासी भागांत दुकाने कमी करावीत आणि घरच्या वापरापुरते मद्य लोकांना करू द्यावे, असा सल्ला केंद्राने राज्यांना दिला होता; मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात तशी मर्यादित सवलत कायद्यात आहे. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा १९८५ पासून अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा गावांच्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार मान्य केला. यातला बंदीचा अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. नियमनाचा अर्धा भाग, म्हणजे यात्रेला चार दिवस, घरापुरते, अमुक इतके, असे काही ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला असू शकतो, हा कौटिल्याला सुचलेला विचार मात्र मागेच पडला. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांवरची जुनी बंधने उठवली. फूल आता वेचता येते, साठवता येते, विकता येते, त्याचे लाडू आणि जॅम करून बचत गटाच्या स्टॉलवर मांडता येतात. तेच फूल मडक्यात पडले, वरून पाणी आले आणि तोंडाला फडके बांधले गेले, की तिसऱ्या दिवशी पंचनाम्यात त्याचे नाव ‘कच्चे रसायन’ असे लिहितात. बाटलीभर नमुना काढून सील करतात, दोन पंचांच्या सह्या घेतात आणि उरलेले जागेवरच ओतून देतात.